कोंडा आधी आवरा, मग केसगळती मोजा

कोंडा आणि केसगळती या तक्रारी बहुतेक जण एका दमात सांगतात. गोव्यात फोंड्याला फार्मसीच्या काउंटरवर मला हे रोज ऐकू येतं: "कोंडा खूप झालाय, केस जाताहेत, एखादं चांगलं तेल द्या." पावसाळ्यात तर ही मागणी जास्तच. या एका वाक्यात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, आणि त्या सोडवल्याशिवाय पैसेही जातात आणि त्रासही तसाच राहतो. म्हणून माझं सांगणं असं: आधी चार आठवडे फक्त कोंड्याचा बंदोबस्त करा. केस का गळतात याचा निकाल त्यानंतर लावा. आणि तेल या चार आठवड्यांत डोक्याच्या त्वचेपासून लांब ठेवा.

तेलाला नाही का म्हणायचं

खोबरेलावर वाढलेल्या आपल्या घरांत हे पचायला जड जातं, म्हणून कारण नीट सांगते. मॅलासेझिया नावाची बुरशी जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर असते. 1874 साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, आणि पुढे तिला त्याचंच नाव मिळालं. 2007 मध्ये तिच्या एका जातीचा जनुकीय आराखडा पूर्ण वाचून झाला, तेव्हा दिसलं की स्वतःला लागणारी मेदाम्लं तयार करण्याची सोयच तिच्याकडे नाही. ती तिला आपल्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलातून घ्यावी लागतात. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल तर तिच्या खाद्यात ऑलिव्ह तेल घालतात.

हे तेल पचवताना ती ओलेइक आम्ल मागे सोडते. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही त्यांना खाज सुटते, त्वचा घाईने नव्या पेशी बनवू लागते आणि जुन्या पेशी पुंजक्यांनी सुटतात. तोच कोंडा. त्यामुळे कोंडा म्हणजे अस्वच्छता असं मुळीच नाही. वयात येताना तेलग्रंथी जाग्या होतात तेव्हा तो सुरू होतो. अशा वेळी मुलाला किंवा मुलीला "डोकं नीट धूत नाहीस" म्हणून बोल लावणं अन्यायाचं आहे.

खोबरेल मात्र टाकून देऊ नका. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी करतं. म्हणून धुण्याआधी तासभर ते केसांच्या मध्यापासून टोकांपर्यंत लावा. मुळांशी चोळायचं नाही, एवढंच पथ्य. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान चुकवायचं नसेल तर त्याच सकाळी डोक्यावरचं तेल शॅम्पूने पूर्ण काढा. एक अपवाद आहे. खवले जाड होऊन चिकटून बसले असतील तर अर्धा तास आधी थोडं तेल लावून ते सैल करायला हरकत नाही, पण लगेच धुवायचं. रात्रभर तेल चोपडून झोपणं नको.

हा कोंडाच आहे ना?

आरशासमोर दिवसाच्या उजेडात भांग पाडून बघा. कोंड्याचे खवले पांढरे किंवा पिवळसर, थोडे तेलकट असतात. भुवया, नाकाच्या कडा, कानामागे आणि पुरुषांच्या दाढीतही तसाच कोंडा आणि लाली दिसली तर हा त्याच आजाराचा जोरकस प्रकार आहे. डॉक्टर त्याला सेबोऱ्हिक डर्माटायटिस म्हणतात. खवले बारीक, कोरडे आणि हातापायांची कातडीही फुटलेली असेल तर ती साधी कोरडी त्वचा असू शकते, डिसेंबर-जानेवारीत तर हमखास. तिथे कोंड्याचा औषधी शॅम्पू उलट त्रास देईल.

खवले चंदेरी आणि जाड, कपाळाच्या कडेबाहेर आलेले आणि कोपरांवर-गुडघ्यांवरही असतील तर सोरायसिसची शंका घ्या. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या डोक्यावर गोल चकत्या आणि त्यात तुटके केस दिसले तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार असतो. त्याला पोटातून औषध लागतं, नुसता शॅम्पू पुरत नाही आणि तो एकाच कंगव्यातून भावंडांना लागतो. या दोन्ही बाबतीत पुढची कृती वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची पिवळी खपली मात्र बहुतेक वेळा आपोआप जाते.

शॅम्पू कसा निवडावा, कसा लावावा

बाटलीच्या पुढच्या बाजूवरची जाहिरात सोडा, मागचे बारीक अक्षरांतले घटक वाचा. केटोकोनॅझोल 2 टक्के हा माझ्या मते सुरुवातीला सर्वांत भरवशाचा. झिंक पायरिथिऑन 1 टक्का सौम्य कोंड्याला चालतो. सेलेनियम सल्फाइडही चांगलं काम करतं, पण रंगवलेल्या केसांचा रंग बदलू शकतं. खवले जाड असतील तर सॅलिसिलिक आम्ल असलेला शॅम्पू घ्या. "हर्बल" किंवा "अँटी-हेअरफॉल" एवढंच लिहिलेलं असेल आणि यातलं काहीच नसेल, तर कोंड्यासाठी ती बाटली घेऊ नका. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरी गडबड होते ती लावण्यात. औषधी शॅम्पू नेहमीच्या शॅम्पूसारखा फेस करून मिनिटभरात धुऊन टाकतात आणि मग म्हणतात, गुण आला नाही. तसं नको. डोकं ओलं करा. केसांवर तेल, घाम किंवा धूळ असेल तर आधी साध्या शॅम्पूने एकदा धुवा. मग औषधी शॅम्पू बोटांच्या पेरांनी डोक्याच्या त्वचेवर लावा, भांगाभांगाने, कानामागे आणि मानेच्या केसांच्या कडेपर्यंत. नखं लावू नका. आता घड्याळ बघून पाच मिनिटं थांबा. औषधाला त्वचेशी राहायला वेळ मिळाला तरच ते काम करतं. नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि हवं असेल तर कंडिशनर फक्त केसांच्या टोकांना लावा.

किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. तिथे फेस कमी येतो म्हणून शॅम्पू वाढवत जाऊ नका, शेवटचं पाणी तेवढं नळाचं घ्या. मे महिन्यात दर्यावर खाऱ्या पाण्यात न्हायला जाण्याची आपली जुनी रीत आहे, ती चालू द्या. घरी आल्यावर डोकं गोड्या पाण्याने धुतलं म्हणजे झालं.

केटोकोनॅझोल आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. मधल्या दिवशी डोकं धुवावंसं वाटलं तर साधा शॅम्पू. दुसऱ्या आठवड्यात खाज कमी होते आणि नेमके तिथेच लोक थांबतात. थांबू नका. चार आठवडे पुरे झाल्यावर तोच शॅम्पू आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी एकदा, असं चालू ठेवा. ही बुरशी डोक्यावरून कायमची जात नाही, तिला आवाक्यात ठेवायचं असतं. कोंडा परत आला म्हणजे औषध फसलं असं समजू नका.

पावसाळ्यात ओले केस बांधून त्यावर अबोलीची वेणी माळण्याची घाई करू नका, आधी मुळं सुकू द्या. दिवसभर स्कूटरवर असणाऱ्यांनी आणि मोटरसायकल पायलटांनी (दुचाकी टॅक्सी चालवणाऱ्यांनी) हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल बांधावा आणि तो रोज धुवावा. हेल्मेटमुळे टक्कल पडतं ही भीती मात्र मनातून काढा. हेल्मेट न घालण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

हे करू नका

लिंबाचा रस डोक्याला चोळून उन्हात जाऊ नका. त्यातल्या द्रव्यावर ऊन पडलं की त्वचा भाजते, कपाळावर ओघळलेल्या रसाचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. घरचा विनेगार तसाच ओतणं, खाण्याचा सोडा चोळणं यानेही त्वचा दुखावते. कोणाच्या सांगण्यावरून क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइडचं लोशन महिनोन्‌महिने लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ते भुरळ घालतं, पण पुढे त्वचा पातळ होते. आणि कोंड्यासाठी केटोकोनॅझोलच्या गोळ्या कधीच नाहीत. यकृताला होणाऱ्या इजेमुळे युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये बुरशीच्या आजारांवर या गोळ्यांचा वापर थांबवायला सांगितलं. शॅम्पूबद्दल ही भीती नाही, तो त्वचेतून नगण्य शोषला जातो.

आता केसांचा हिशेब

कोंडा आणि केसगळतीचं नातं आहे, पण लोक समजतात तेवढं थेट नाही. खाजवताना नखांनी केस तुटतात. त्वचा सुजलेली राहिली की मुळांशी केसाची पकड ढिली होते आणि गळती थोडी वाढते. कोंडा आटोक्यात आला की ही गळती थांबते आणि केस पुन्हा येतात. कोंड्याने कायमचं टक्कल पडत नाही.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं स्वाभाविक आहे. तीन दिवसांनी डोकं धुतलं तर तीन दिवसांचे केस एकदम हातात येतात. न्हाणीच्या जाळीवर अडकलेला तो गुंता बघून जीव कासावीस होतो हे मी समजू शकते, पण त्यावरून निदान होत नाही. त्याऐवजी गळलेले काही केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो केस मुळापासून, आपली मुदत संपवून गेला. गाठ नसेल तर तो मधेच तुटला. तुटकेच जास्त असतील तर दोष खाजवण्यात, ओल्या केसांत कंगवा ओढण्यात किंवा घट्ट वेणीत शोधा.

दुसरी तपासणी: डोकं धुऊन एक दिवस झाल्यावर 50-60 केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकाकडे हळू ओढा. सहाहून जास्त केस हातात आले, आणि डोक्याच्या तीन-चार ठिकाणी असंच झालं, तर गळती खरोखर वाढली आहे. मग गेल्या दोन-तीन महिन्यांत काय झालं ते आठवा. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, वजन झपाट्याने उतरवणारा आहार. असा धक्का बसल्यावर केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे जुलैतल्या तापाची गळती चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, सुरू होते आणि दोष सणातल्या धावपळीला मिळतो. ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप थांबते. बायकांनी सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावं. महिन्याला बराच रक्तस्राव होणाऱ्यांनी तर नक्की.

तिसरी गोष्ट फोटो. महिन्याला एकदा, त्याच खिडकीशी, त्याच भांगाचा. पुरुषांचं कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकत असेल, बायकांचा भांग रुंद होत असेल, तर ते आनुवंशिक विरळपण आहे. कोंडा गेला तरी ते थांबणार नाही, आणि उपचार लवकर सुरू केले तरच आहेत ते केस टिकतात. अशांना डॉक्टर बहुधा मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध देतात. परिणाम दिसायला चार महिने किंवा जास्त लागतात आणि ते चालू ठेवावं लागतं. मिनॉक्सिडिलच्या काही द्रावणांतल्या प्रोपिलीन ग्लायकॉलने डोक्यावर कोंड्यासारखेच खवले येतात, तेव्हा औषध सोडण्याआधी डॉक्टरांकडून द्रावण बदलून घ्या.

चार आठवडे नीट उपचार करूनही कोंडा हटला नाही, डोक्यातून पाणी किंवा पू आला, अचानक गुळगुळीत गोल चाई पडली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, त्वचारोग विभागाची ओपीडी आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी दाखवून तिथून चिठ्ठी घेऊन गेलात तर सोपं पडतं. जाताना दोन दिवस डोक्याला तेल, डाय किंवा लोशन लावू नका, नाहीतर त्वचेवरचं काही दिसत नाही. वापरलेल्या शॅम्पूची आणि औषधांची पाकिटं, महिन्यांचे फोटो आणि ताप-बाळंतपणाच्या तारखा सोबत न्या.