कॅनडात आपल्या रायडिंगचा इतिहास आणि वस्ती कशी शोधायची: टोरांटो सेंटरचं उदाहरण घेऊन

आपल्या लोकसभेसारखं कॅनडात जे सभागृह आहे, हाऊस ऑफ कॉमन्स, त्यात सध्या ३४३ जागा आहेत आणि प्रत्येक जागेचा एक मतदारसंघ, त्याला तिथे सगळे रायडिंगच म्हणतात. सिटिझनशिप मिळून पहिल्यांदा मत द्यायची वेळ आली की आपली मंडळी पक्ष बघतात, टीव्हीवरचे नेते बघतात, पण आपली रायडिंग कशी बनली, तिच्यात कोण राहतं, आधी तिथून कोण निवडून यायचं हे फार कमी जण शोधतात. मला मनापासून वाटतं की हे शोधायलाच हवं. आणि ते अवघड अजिबात नाही, सगळी माहिती सरकारी वेबसाइटवर फुकट आहे, फक्त कोणत्या क्रमाने वाचायची आणि कुठे फसगत होते ते माहीत हवं.

उदाहरण म्हणून टोरांटो सेंटर घेऊया, म्हणजे शहराच्या अगदी मधला, डॉन नदीला टेकलेला भाग. पद्धत तीच वापरून तुम्ही मिसिसागा, ब्रॅम्प्टन, कॅल्गरी कुठलीही रायडिंग शोधू शकता.

पायरी १: कुठला नकाशा बघताय ते आधी पक्कं करा

इलेक्शन्स कॅनडाच्या, म्हणजे तिथल्या निवडणूक आयोगाच्या साइटवर पोस्टल कोड टाकला की तुमची फेडरल, म्हणजे देशपातळीची रायडिंग आणि तिचा नकाशा मिळतो. इथपर्यंत सोपं आहे. घोळ पुढे होतो, कारण 'टोरांटो सेंटर' या नावाचे आज तीन तुकडे आहेत: एक फेडरल रायडिंग, एक ऑन्टारियो प्रांताच्या विधानसभेची, आणि एक टोरांटो महापालिकेचा १३ नंबरचा वॉर्ड. २०१८ साली महापालिकेचे २५ वॉर्ड केले ते २०१३ च्या फेडरल सीमांवर बेतलेले होते, विधानसभेनेही त्याच सीमा ठेवल्या, पण फेडरल सीमा नंतर २०२३ मध्ये पुन्हा बदलल्या. त्यामुळे २०२५ मध्ये असं झालं की फेब्रुवारीत प्रांताची निवडणूक जुन्या सीमांवर झाली आणि २८ एप्रिलला देशाची निवडणूक नव्या सीमांवर, म्हणजे दोन महिन्यांत त्याच घरातले लोक दोन वेगळ्या नावांच्या रायडिंगमध्ये मत देऊन आले असंही काही गल्ल्यांमध्ये झालं असणार. म्हणून कुठलाही आकडा वाचताना तो २०१३ च्या सीमांचा की २०२३ च्या, हे बाजूला लिहूनच ठेवा. नाहीतर पुढची सगळी तुलना बिघडते.

पायरी २: नावाचा माग काढू नका, जमिनीचा काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथेच बहुतेक लेख चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅनडाच्या संसदेच्या ग्रंथालयाची एक साइट आहे, पार्लइन्फो, त्यात १८६७ पासूनची प्रत्येक रायडिंग, तिची सुरुवात, शेवट, आणि निवडून आलेले सगळे उमेदवार मिळतात. तिथे टोरांटो सेंटर टाकलंत की दिसेल, १८७२ मध्ये सुरू, १९२५ मध्ये बंद, आणि मग २००४ पासून परत चालू. वाचून वाटतं की मधली ऐंशीएक वर्षं या भागाला खासदारच नव्हता! तसं नाही. १८६७ मध्ये टोरांटोला दोनच जागा होत्या, ईस्ट आणि वेस्ट, शहराची लोकसंख्या १८७१ ला ५६ हजारांच्या आसपास होती, त्यात १८७२ ला मधली तिसरी जागा काढली ती टोरांटो सेंटर. १९२० च्या दशकात ती मोडली, तुकडे दुसऱ्या रायडिंगांना गेले. पुढे १९३३ मध्ये रोझडेल नावाची रायडिंग तयार झाली. आजच्या टोरांटो सेंटरची खरी वंशावळ या रोझडेलची आहे, १९९७ च्या निवडणुकीपासून तिचं नाव टोरांटो सेंटर–रोझडेल झालं आणि २००४ पासून नुसतं टोरांटो सेंटर.

म्हणजे १८७२ चं टोरांटो सेंटर आणि आजचं टोरांटो सेंटर हे एकाच नावाचे दोन वेगळे प्राणी, आणि रोझडेल हे वेगळ्या नावाचं पण सलग चालत आलेलं घराणं.

मग करायचं काय? एक ठरावीक जागा निवडा. मी तर सांगेन की एक चौक निवडा, समजा पार्लमेंट स्ट्रीट आणि डंडास स्ट्रीटचा, आणि प्रत्येक नकाशात तो चौक कुठल्या रायडिंगमध्ये पडतो ते बघत मागे मागे जा. जुन्या सीमांची वर्णनं रस्त्यांच्या नावांनीच लिहिलेली असतात, अमुक रस्त्याच्या मध्यरेषेवरून पूर्वेला नदीपर्यंत वगैरे, वाचायला कंटाळवाणी आहेत पण समोर आजचा नकाशा उघडून ठेवला की पटापट कळतात.

असं केलं की खासदारांची सलग यादी हाताशी येते आणि ती फार रंजक आहे. १९६२ ते १९७८ लिबरल पक्षाचे डोनाल्ड मॅकडोनाल्ड, जे मधल्या काळात देशाचे अर्थमंत्री होते. मग टोरांटोचे लोकप्रिय महापौर डेव्हिड क्रॉम्बी, प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे, १९८८ पर्यंत. त्या वर्षी त्याच पक्षाचे डेव्हिड मॅकडोनाल्ड निवडून आले ते शंभराहूनही कमी मतांनी, आणि हरलेले बिल ग्रॅहम पुढच्या वेळी १९९३ ला जिंकले. तेव्हापासून आजपर्यंत ही जागा लिबरल पक्षाकडेच आहे. ग्रॅहम परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री झाले, २००८ च्या पोटनिवडणुकीत आलेले बॉब रे हे आधी दुसऱ्याच पक्षाकडून, एनडीपीकडून (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) ऑन्टारियोचे प्रीमियर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखे, राहिलेले, दोघांनीही लिबरल पक्षाचं हंगामी नेतृत्व केलं. २०१३ ला पोटनिवडणुकीतून क्रिस्टिया फ्रीलँड, २०१५ ला बिल मॉर्नो (हेही अर्थमंत्री), २०२० ला मार्सी इएन, आणि २०२५ ला एव्हन सॉलोमन. नुसती नावं बघितली तरी कळतं की पक्ष इथे वजनदार माणूस उभा करतात.

पायरी ३: सीमा का बदलली याचं कारण शोधा

कॅनडात दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर, म्हणजे ज्या वर्षाच्या शेवटी १ येतो त्या जनगणनेनंतर, सीमा नव्याने आखतात. १९६४ च्या कायद्यापासून हे काम खासदारांच्या हातात नाही, प्रत्येक प्रांतासाठी तीन जणांचा स्वतंत्र आयोग असतो, अध्यक्ष न्यायाधीश, बाकीचे दोन सभागृहाचे स्पीकर नेमतात. इलेक्शन्स कॅनडा त्यांना फक्त तांत्रिक मदत करतं. आपल्याकडे महाराष्ट्रात शेवटची मोठी पुनर्रचना २००८ मध्ये झाली तीही २००१ च्या जनगणनेवर, आणि राज्यांच्या जागांची संख्या तर अजून १९७१ च्या लोकसंख्येवर आहे, त्या मानाने तिथलं काम नियमित चालतं हे मान्य करावं लागेल.

हिशोब असा: प्रांताची लोकसंख्या भागिले प्रांताच्या जागा. ऑन्टारियोचा २०२१ च्या जनगणनेवरून आलेला आकडा १,१६,५९० माणसं. रायडिंग यापेक्षा २५ टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे साधारण ८७ हजार ते १ लाख ४६ हजार, अगदीच अपवाद असेल तर त्याबाहेरही. मुंबईतल्या लोकसभा मतदारसंघात १५ लाखांच्या आसपास मतदार असतात हे लक्षात घेतलं की कळेल तिथला खासदार माणसाला किती जवळ असू शकतो.

पण नुसता भागाकार नाही, आयोगाला वस्तीचे आपसातले संबंध आणि रायडिंगचा इतिहासही बघावा लागतो, आणि हे सगळं ते अहवालात कारणांसकट लिहितात. तो अहवाल जरूर वाचा. २०२३ च्या वेळी ऑन्टारियोच्या जागा १२१ च्या १२२ झाल्या पण टोरांटो शहराची एक जागा कमी झाली, २५ च्या २४, कारण आजूबाजूची उपनगरं शहरापेक्षा जास्त वेगाने वाढली. डॉन व्हॅली ईस्ट ही वेगळी रायडिंग राहिली नाही, तिचं नाव आता स्कारबोरो सेंटरला जोडलेलं दिसतं.

टोरांटो सेंटरसाठी मात्र त्याआधीचा, २०१३ च्या सीमांचा बदल मोठा होता. २०१५ च्या निवडणुकीपासून उत्तरेकडचं रोझडेल काढून युनिव्हर्सिटी–रोझडेल नावाच्या नव्या रायडिंगमध्ये टाकलं. रोझडेल म्हणजे झाडीतले जुने बंगले, शहरातल्या सगळ्यात श्रीमंत वस्त्यांपैकी एक, आणि त्याच रायडिंगमध्ये दक्षिणेला रीजंट पार्कची सरकारी घरं होती. दोन टोकं एका खासदाराकडे. २०१३ ची पोटनिवडणूक तर उत्पन्नातल्या विषमतेवरच लढली गेली, फ्रीलँड आणि एनडीपीच्या लिंडा मॅकक्वेग दोघीही पत्रकार, दोघींनीही याच विषयावर लिहिलेलं. पुढच्याच निवडणुकीत ती दोन टोकं नकाशावर वेगळी झाली, आणि फ्रीलँड रोझडेलबरोबर नव्या रायडिंगमध्ये गेल्या.

पायरी ४: आत कोण राहतं

स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या साइटवर सेन्सस प्रोफाइल उघडा, भूगोल निवडताना फेडरल रायडिंग निवडा, आणि पायरी १ मध्ये सांगितल्याप्रमाणे कुठल्या वर्षाच्या सीमा ते बघा. वय, घरं भाड्याची की स्वतःची, जन्म कुठे झाला, उत्पन्न, मातृभाषा, सगळं मिळतं. मातृभाषेच्या यादीत मराठीची वेगळी ओळ आहे, ती जरूर बघा, आपली किती माणसं आजूबाजूला आहेत ते कळतं. फक्त हे आकडे गोपनीयतेसाठी पाचाच्या पटीत आणलेले असतात, त्यामुळे लहान आकड्यांवर फार विसंबू नका.

काही धोके सांगतो. २०११ साली सविस्तर फॉर्म सक्तीचा नव्हता, ऐच्छिक सर्व्हे होता, त्यामुळे त्या वर्षीचं उत्पन्न-स्थलांतर वगैरे २०१६ शी थेट ताडून बघू नये. २०२१ च्या जनगणनेतलं उत्पन्न हे २०२० सालचं आहे, म्हणजे कोविडच्या काळातली सरकारी मदत त्यात धरलेली, गरिबी कमी दिसते ती काही अंशी त्यामुळे. आणि मे २०२१ मध्ये विद्यापीठं ऑनलाइन होती, म्हणून डाउनटाउनमधल्या विद्यार्थ्यांचे आकडे जपून वाचा.

सगळ्यात मोठं म्हणजे, जागा ठरतात त्या एकूण लोकसंख्येवर, मतदारांवर नाही. पीआर (कायमच्या रहिवासाचा परवाना) असलेले, वर्क परमिटवाले, विद्यार्थी, लहान मुलं सगळे त्यात मोजले जातात, मत मात्र १८ वर्षांवरच्या सिटिझनला. नवीन आलेल्यांच्या रायडिंगमध्ये पडलेली मतं लोकसंख्येच्या मानाने कमी दिसतात याचं एक कारण हे आहे, लोक उदासीन आहेत असा निष्कर्ष लगेच काढू नये. आणि मत नसलं तरी खासदाराचं ऑफिस तुमचं आहे, इमिग्रेशनची फाईल अडकली तर तिथे जाता येतं.

आकड्यांना वस्तीचा इतिहास जोडा तेव्हाच ते बोलतात. रीजंट पार्क १९४० च्या दशकाच्या शेवटी कॅबेजटाऊनचा जुना गरीब भाग पाडून उभं केलं, कॅनडातला सरकारी घरांचा पहिला मोठा प्रकल्प, आणि २००५ पासून तेही पाडून सरकारी भाड्याची आणि बाजारभावाची घरं शेजारी शेजारी बांधणं सुरू झालं. सेंट जेम्स टाऊनचे टॉवर १९६० च्या दशकात एकट्या राहणाऱ्या नोकरदार तरुणांसाठी बांधले होते, आज तिथे फिलिपिनो, तमिळ, नेपाळी कुटुंबं राहतात आणि देशातल्या सगळ्यात दाट वस्त्यांमध्ये ती मोजली जाते. एकाच ठिकाणचं उत्पन्न दोन जनगणनांमध्ये वाढलेलं दिसलं तर जुनी माणसं सुधारली की नवी माणसं आली, हे असं खाली उतरल्याशिवाय कळत नाही.

पायरी ५: निकाल बूथनिहाय वाचा

इलेक्शन्स कॅनडा प्रत्येक पोलिंग डिव्हिजनचे निकाल देतं, दाट भागात कधी एकच टॉवर म्हणजे एक डिव्हिजन असते. पण अॅडव्हान्स मतदान वेगळं मोजतात, मोठ्या गटांमध्ये, आणि २०२५ मध्ये देशभर ७३ लाखांच्या आसपास लोकांनी आधीच मत दिलं, त्यामुळे बूथचा नकाशा पूर्वीइतका पुरा राहिलेला नाही.

सीमा बदलल्यावर जुने निकाल नव्या सीमांवर बसवून दाखवणारे तक्तेही इलेक्शन्स कॅनडा काढतं. तुलना त्यावरूनच करा.

पोटनिवडणूक वेगळी ठेवा. २०२० मध्ये ग्रीन पक्षाच्या नेत्या अॅनामी पॉल इथे दुसऱ्या आल्या, चांगली मतं घेऊन, आणि पुढच्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत चौथ्या. फार जुने आकडेही तसेच, १८७२ मध्ये गुप्त मतदान नव्हतं, ते १८७४ ला आलं, फक्त मालमत्ता असलेले पुरुष मत देत, बायकांना देशपातळीवर हक्क १९१८ ला मिळाला, आणि ब्रिटिश कोलंबियातल्या भारतीयांना तर १९४७ पर्यंत वाट बघावी लागली.

पायरी ६: जमवलेलं कुठे वापरायचं

कॅनडात जनगणना दर पाच वर्षांनी होते पण २०२६ च्या जनगणनेने सीमा हलत नाहीत, पुढचे आयोग २०३१ नंतर बसतील. ते आधी प्रस्तावित नकाशा काढतात, मग जाहीर सुनावण्या घेतात, तिथे कोणीही बोलू शकतं किंवा लेखी म्हणणं पाठवू शकतं, खासदारांच्या हरकती त्यानंतर येतात आणि शेवटचा शब्द आयोगाचाच असतो. तिथे 'आमचा भाग तोडू नका' एवढंच म्हणून भागत नाही, शाळा कुठली, बाजार कुठला, लोक कुठल्या रस्त्याने ये-जा करतात, आधीच्या नकाशांमध्ये हा भाग कोणाबरोबर होता असं लिहून द्यावं लागतं. वरच्या पाच पायऱ्यांत जमवलेली माहिती एका फाईलमध्ये तारखांसकट ठेवलीत तर ते म्हणणं लिहायला एक संध्याकाळ पुरेल.