संचालक मंडळावर स्त्रिया वाढवायच्या, तर खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहू नका

निवडीच्या बैठकीत चार नावं येतात, चारही पुरुषांची असतात आणि त्यांतलं एक नक्की होतं. त्या बैठकीत कोणी पक्षपात केला असं म्हणताही येत नाही, कारण खरा निर्णय आधीच झालेला असतो. निकष कोणी लिहिले, नावं कोणाच्या ओळखीतून आली, जागा मोकळी होणार हे किती आधी माहीत होतं, यांतच तो झालेला असतो. म्हणून नामांकन समितीने (नव्या संचालकांची नावं सुचवणाऱ्या मंडळाच्या समितीने) आणि मंडळाचं कायदेशीर कामकाज पाहणाऱ्या कंपनी सेक्रेटरीने काम सुरू करायचं ते जागा मोकळी होण्याच्या दीड-दोन वर्षं आधी.

जागांचा तक्ता

एका तक्त्यात प्रत्येक संचालकाची नियुक्तीची तारीख, चालू मुदत कधी संपते, पुन्हा नेमता येईल का, निवृत्तीचं वय आणि कोणत्या समित्यांवर काम आहे, हे मांडा. मुदतीचे नियम देशागणिक वेगळे आहेत. भारतात स्वतंत्र संचालकाला (ज्याचे कंपनीशी किंवा तिच्या मालकांशी हितसंबंध नसतात अशाला) जास्तीत जास्त पाच वर्षांच्या सलग दोन मुदती मिळतात आणि त्यानंतर तीन वर्षं थांबावं लागतं. जिथे कायद्याने मुदत घातलेली नाही, तिथे मंडळाने स्वतः ठराव करून ती घालावी. नाहीतर एकेक खुर्ची वीस वर्षं हलत नाही आणि बाकीची सगळी तयारी कागदावर राहते.

आता हिशेब. दहा जणांच्या मंडळावर एक स्त्री आहे आणि चार हव्या आहेत. संचालक सरासरी नऊ-दहा वर्षं राहत असतील तर वर्षाला साधारण एक जागा मोकळी होते. पुढची प्रत्येक जागा स्त्रीला दिली तरी तीन वर्षं लागतील, एकाआड एक दिली तर पाच-सहा. मधल्या काळात आहे त्या स्त्री संचालकाचीच मुदत संपली, तर तीन नव्हे, चार जागा भराव्या लागतात. लक्ष्य हुकण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं आणि ते तक्त्यात पहिल्याच दिवशी दिसतं.

खुर्ची वाढवणं हा झटपट मार्ग वाटतो. पण दहांच्या मंडळात अकरावी जागा काढून दुसरी स्त्री आणली तर प्रमाण १८ टक्के होतं. मोकळ्या झालेल्या जागेवर तिला आणलं तर २० टक्के. शिवाय कंपनीच्या नियमावलीतली आणि कायद्यातली कमाल संख्या आड येते. भारतात ती पंधरा आहे, त्यापुढे जायला भागधारकांचा विशेष ठराव लागतो. वाढवलेली खुर्ची एखादा पुरुष संचालक पुढच्या वर्षभरात निवृत्त होणार असेल तेव्हाच वापरावी. तेव्हा ती खरं तर आगाऊ भरती असते आणि नव्या संचालकाला जुन्याबरोबर काही महिने काम करायला मिळतं.

लक्ष्य टक्क्यांत सांगू नका, माणसांत सांगा. नऊ जणांचे ४० टक्के म्हणजे ३.६, मग तीन की चार, हा वाद आयत्या वेळी होतो. नॉर्वेच्या कायद्याने तो आधीच मिटवला. चार-पाच जणांच्या मंडळात स्त्रिया आणि पुरुष दोन्ही किमान दोन-दोन, सहा ते आठ जणांत किमान तीन, नऊ जणांत किमान चार, आणि त्यापुढे ४० टक्के. हीच पट्टी उचलायला हरकत नाही. लक्ष्याशेजारी तारीख आणि जबाबदार व्यक्तीचं नाव लिहा. ती व्यक्ती मनुष्यबळ विभागातली नको, नामांकन समितीची अध्यक्ष किंवा अध्यक्षा हवी.

निकष आधी, नावं नंतर

हा क्रम उलटला की काय होतं, हे एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांनी २००५ मध्ये दाखवलं. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी एक पुरुष आणि एक स्त्री उमेदवार होती. एकाकडे रस्त्यावरचा अनुभव, दुसऱ्याकडे शिक्षण. पुरुषाकडे जे असेल, तेच या पदाला जास्त महत्त्वाचं आहे असं निवडणाऱ्यांनी ठरवलं. कोणत्या गुणाला किती महत्त्व, हे उमेदवार पाहण्याआधी पक्कं करायला लावलं, तेव्हा हा भेद नाहीसा झाला. आपण निःपक्ष आहोत याची प्रत्येकाला खात्रीच असते, म्हणून कागद लागतो.

कागदावर तीन अनिवार्य आणि तीन इष्ट निकष पुरेत. ते पदनामात लिहू नका, कामात लिहा. ‘माजी सीईओ हवा’ असं लिहिलंत की यादी तिथेच आटते, कारण सीईओंमध्ये स्त्रिया जवळजवळ सगळीकडे अल्पसंख्य आहेत. मंडळाला नेमकं काय हवं आहे ते विचारा. नफ्यातोट्याची पूर्ण जबाबदारी सांभाळलेली व्यक्ती हवी असेल, तर मोठ्या विभागाच्या किंवा उपकंपनीच्या प्रमुखही त्यात बसतात. कर्जउभारणी किंवा विलीनीकरण पार पाडलेलं हवं असेल, तर वित्तप्रमुख बसतात. नियामकाशी रोजचा संबंध असलेलं कोणी हवं असेल, तर अनुपालन आणि जोखीम विभागाच्या प्रमुख बसतात. ‘सूचीबद्ध (म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीच्या मंडळावरचा अनुभव’ ही अट तर अनिवार्यमधून सरळ काढा. पहिली संधी मिळाल्याशिवाय तो अनुभव येणार कुठून? त्याऐवजी मंडळासमोर नियमित अहवाल मांडल्याचा, उपकंपनीच्या, सहकारी बँकेच्या किंवा विश्वस्त संस्थेच्या मंडळावर बसल्याचा अनुभव धरा.

प्रत्येक निकषापुढे पुरावा काय मानणार तेही लिहा. ‘नेतृत्वगुण’ हा निकष नव्हे. त्यात काहीही बसवता येतं. ‘गुणवत्तेशी तडजोड होईल’ असा आक्षेप आला की हा कागद पुढे ठेवायचा. ज्याला आक्षेप आहे त्याने कोणत्या निकषावर कोण कमी पडतं ते दाखवावं.

शोध

संचालकांच्या फोनमधली नावं ही सुरुवात नको. आलेली नावं घ्या, पण तीही त्याच चाळणीतून जाऊ द्या.

सर्च फर्म (उमेदवार शोधून देणारी संस्था) नेमत असाल तर अटी करारातच घाला. पहिल्या लांब यादीत निम्म्या स्त्रिया, मुलाखतीच्या यादीत किमान दोन. दोनचा आग्रह कशासाठी? स्टेफनी जॉन्सन, डेव्हिड हेकमन आणि एल्सा चॅन यांनी २०१६ मध्ये एका विद्यापीठातल्या नेमणुका तपासल्या. अंतिम यादीत एकच स्त्री असेल तर तिची निवड होण्याची शक्यता जवळजवळ शून्य निघाली. दोन झाल्या की चित्र पार बदललं. एकटी असली की ती वेगळी म्हणूनच नजरेत येते, दोघी असल्या की तुलना कामाची होते. अभ्यास प्राध्यापकांचा होता, संचालकांचा नव्हे, पण निवड समित्यांचं वागणं इतकं काही निराळं नसतं.

‘योग्य स्त्रिया मिळत नाहीत’ असं उत्तर आलं तर कोणाकोणाशी संपर्क केला, कोण नाही म्हणालं आणि का, याची यादी मागा. ती यादी बहुधा आखूड असते. नकार खरेच असतील तर त्यांतून दुसरंच काही कळतं. बैठकांच्या तारखा वर्षभर आधी ठरत नाहीत, कायदेशीर जबाबदारीचा विमा अपुरा आहे किंवा कंपनीच्या कारभाराबद्दल बाहेर शंका आहे.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक सदस्याने गुण आधी लिहून द्यावेत, चर्चा त्यानंतर. अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी बोलावं, नाहीतर त्यांच्या मताभोवती बाकीचे गुण जमतात. ‘आपल्यात मिसळून जाईल का’ हा प्रश्न वगळा.

नेमणुकीआधीच्या तपासण्या

स्वतंत्र संचालक हवी असेल तर स्वातंत्र्य खरोखर तपासा. प्रवर्तकांशी (कंपनी उभारणाऱ्या, तिच्यावर ताबा असलेल्यांशी) नातं, तिच्या किंवा तिच्या फर्मच्या कंपनीशी असलेल्या व्यवहारांची रक्कम, शेअर, आधीची नोकरी. वकील आणि सनदी लेखापाल यांच्याबाबत फर्मचे व्यवहार नेहमी उशिरा लक्षात येतात आणि शेवटच्या आठवड्यात नाव गळतं. नियामक संस्थेतून निवृत्त झालेल्यांना ठरावीक काळ थांबावं लागतं, तेही आधी विचारा.

नात्याचा मुद्दा किरकोळ नाही. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध आणि ठरावीक मोठ्या सार्वजनिक कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक सक्तीची केली, पण ती स्वतंत्र असावी असं म्हटलं नाही. मग अनेक प्रवर्तकांनी घरातल्याच स्त्रीला बसवलं आणि नियम पाळला. त्यामुळे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीला पुढे वेगळा नियम करावा लागला. बाजारमूल्याने पहिल्या ५०० सूचीबद्ध कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, तर पहिल्या १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून किमान एक स्वतंत्र स्त्री संचालक नेमणं बंधनकारक झालं. घरातली स्त्री सक्षम असू शकते, अवश्य नेमा. फक्त स्वतंत्र आवाजाच्या खात्यात तिला मोजू नका.

दुसरी तपासणी वेळेची. सगळ्याच कंपन्या त्याच पाच-सात प्रसिद्ध नावांच्या मागे लागतात. नॉर्वेत एकेक बाई इतक्या मंडळांवर दिसू लागली की त्यांना ‘सोनेरी स्कर्ट’ असं खवचट नाव पडलं. उमेदवाराकडे आधीची किती पदं आहेत आणि त्यांत ऑडिट समित्या किती, हे मोजा. ऑडिट समितीचं काम साध्या सदस्यत्वापेक्षा बरंच जड असतं.

पहिले सहा महिने

रुजू होण्याआधीच तिला तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, गेल्या वर्षभराची इतिवृत्तं, लेखापरीक्षकांची निरीक्षणं आणि चालू खटल्यांची यादी द्या. पहिल्या महिन्यात वित्तप्रमुख, अंतर्गत लेखापरीक्षक आणि बाहेरचे लेखापरीक्षक यांच्याशी स्वतंत्र भेटी घडवा, व्यवस्थापनाचं कोणी शेजारी न बसता.

समिती कोणती देता, यावर पुढचं बरंच ठरतं. नव्या स्त्री संचालकाला सामाजिक दायित्व समिती देऊन मोकळं होण्याची सवय फार आहे. मंडळाचं अध्यक्षपद आणि समित्यांची अध्यक्षपदं मात्र ऑडिट, जोखीम आणि नामांकन यांतून पुढे येतात. वर्षभरात यांतल्या एका समितीवर जागा द्या आणि तिसऱ्या वर्षी अध्यक्षपदासाठी विचार होईल असं तक्त्यात लिहा.

बैठकीची शिस्त अध्यक्षांच्या हाती. मोठ्या विषयावर प्रत्येकाला क्रमाने बोलायला लावा. कोणी मधेच तोडलं तर तिथेच थांबवा. एखादी सूचना तिने आधी मांडली आणि मग दुसऱ्याच्या तोंडून उचलली गेली, तर ‘हे त्यांनी मघाशी म्हटलं’ एवढं बोलणं पुरतं. याहून जास्त घात होतो तो आदल्या रात्रीच्या जेवणात. तिथे सगळं ठरलं असेल तर बैठकीतली उपस्थिती सही करण्यापुरती उरते. जेवणं बंद करायची गरज नाही, पण कागदपत्रं सात दिवस आधी सगळ्यांना गेलेली हवीत आणि अजेंड्यावरचा निर्णय बैठकीतच व्हायला हवा.

एक, दोन, तीन

एका स्त्रीवर थांबू नका. ॲलिसन कॉनरॅड, विकी क्रेमर आणि सुमरू एर्कुट यांच्या २००८ च्या अभ्यासात दिसलं की एकटी असते तेव्हा तिचं मत ‘स्त्रियांचं मत’ म्हणून ऐकलं जातं. तीन झाल्या की ते त्या व्यक्तीचं मत ठरतं आणि अडचणीचे प्रश्न जास्त मोकळेपणाने विचारले जातात. दोनचा सापळा वेगळा आहे. अमेरिकी मंडळांच्या २०१९ च्या एका अभ्यासात, योगायोगाने आढळाव्यात त्याहून जास्त मंडळांवर नेमक्या दोनच स्त्रिया सापडल्या. इतर कंपन्यांइतकी संख्या झाली की शोध थंडावतो. म्हणून दुसरी नेमणूक होते त्याच बैठकीत तिसऱ्या जागेची तारीख इतिवृत्तात नोंदवून घ्या.

कायद्याचा धाक कामी येतो, पण तो कुठल्या खुर्चीला लागतो तेही पाहा. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा केला, २००८ पासून तो न पाळणाऱ्या सार्वजनिक मर्यादित कंपनीला विसर्जनाची तरतूद लागू झाली आणि प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं; काही कंपन्यांनी मात्र कायदेशीर स्वरूपच बदलून घेतलं. जर्मनीत २०१६ पासून मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षी मंडळाला (व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला) ३० टक्के सक्तीचे आहेत. नियम मोडून केलेली नेमणूक रद्द ठरते आणि खुर्ची रिकामी राहते. ब्रिटनने सक्ती केली नाही. २०११ मध्ये सर्वांत मोठ्या १०० कंपन्यांसाठी २०१५ पर्यंत २५ टक्के असं ऐच्छिक लक्ष्य ठेवलं, दरवर्षी आकडे जाहीर केले आणि ते गाठलंही. पण या सगळ्या देशांत कार्यकारी पदं, म्हणजे कंपनी रोज चालवणारी पदं, मागेच राहिली. त्यामुळेच फ्रान्सने २०११ च्या मंडळाच्या कायद्यानंतर २०२१ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापनासाठी वेगळा कायदा केला, आणि जर्मनीनेही त्याच वर्षी तीनहून अधिक सदस्यांच्या कार्यकारी मंडळांसाठी किमान एका स्त्रीची अट घातली.

कार्यकारी बाजूला दोन गोष्टी लगेच करता येतात. आपल्या वरिष्ठ स्त्री अधिकाऱ्यांना उपकंपन्यांच्या मंडळांवर बसवा आणि बाहेरच्या एका मंडळावर जायला लेखी परवानगी द्या. मनुष्यबळ आणि कायदा विभागांत अडकलेल्यांना वेळेत व्यवसायाची जबाबदारी द्या, चाळिशीच्या आतबाहेर. पन्नाशीला ती बदली सहसा होत नाही.

तक्त्यात शेवटी एक रकाना ठेवा: मुदतीआधी कोण सोडून गेलं. स्त्रिया पुरुषांपेक्षा लवकर जात असतील तर नवी भरती थांबवून आधी गेलेल्यांशी बोला. ते बोलणं अध्यक्षांनी करू नये. बहुतेकदा सोडून जाण्याचं कारण अध्यक्षच असतात. नामांकन समितीतल्या एखाद्या सदस्याने करावं, आणि जे कळेल ते नावं न घेता मंडळापुढे मांडावं.