जुन्या गाडीच्या पत्र्यावरील गंज काढताना
रंगाला फुगवटा आला असेल, तर गंज दिसतो त्यापेक्षा आत अधिक पसरलेला आहे असे गृहीत धरून तो भाग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावा. टोक आरपार गेल्यास तिथे पुट्टी भरणे ही निव्वळ मलमपट्टी ठरते आणि सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवावाच लागतो. पत्रा शाबूत असल्यास चष्मा व मास्क लावून ८० नंबरच्या सँडपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे, खड्ड्यांत उरलेले काळे ठिपके तारेच्या ब्रशने खरवडावेत आणि उघड्या पत्र्याला ओल लागण्याआधीच इपॉक्सी प्रायमर (रंगाखाली द्यायचा, ओल रोखणारा पहिला थर) मारावा. पुट्टी ओलावा शोषते, म्हणून ती प्रायमरवर, पातळ थरातच द्यावी. दरवाजाच्या खालच्या कडेची पाणी निचरण्याची भोके मात्र कधीही बुजवू नयेत.