सेकंडहँड इंजिन आधी उलटं करून बघा

अ‍ॅमट्रॅकची (ही अमेरिकेची प्रवासी रेल्वे कंपनी) छोटी मॉडेल गाडी घरात पळवायची आणि खिसाही सांभाळायचा, तर एचओमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, एफ४०पीएच किंवा पी४२ शोधा. अमेरिकेतल्या ट्रेन शोमध्ये, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनांत, जुन्या मालाच्या टेबलांवर ही डिझेल इंजिनं सापडतात. वाफेच्या इंजिनाच्या मोहात पहिल्याच खरेदीत पडू नका. दांडे-बिंडे फार, आणि स्वस्तातलं धड चालणारं विरळाच.

रंगरंगोटी शेवटी बघा. इंजिन उलटं धरून सगळी चाकं रुळातून वीज घेतात ना, मोटर दोन्ही बोगी (इंजिनाखालचे चाकांचे संच) फिरवते ना, हे आधी. मोटरच्या दांड्यावर फ्लायव्हील, म्हणजे वेग टिकवून धरणारं जड चाक, हवंच. धुळीमुळे वीज क्षणभर तुटली तरी गाडी अडखळत नाही.

मग टेस्ट ट्रॅक मागा. वेग कुणीही दाखवतो, आपण संथपणा तपासायचा: स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) मोजता येतील इतकं हळू, दोन्ही दिशांना. ठरावीक अंतराने टक-टक आली तर अ‍ॅक्सलवरचं प्लॅस्टिकचं गिअर चिरलेलं असू शकतं. बाकी इंजिन ठणठणीत असेल तर तेवढ्यावर भाव पाडा, लाजायचं काय त्यात! नुसती घरघर बहुधा सुकलेल्या ग्रीसची. जुनं पुसून प्लॅस्टिकला चालणारं थोडं नवं लावायचं.

डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल आदेश देऊन गाडी चालवणं. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे डीकोडरची, ते आदेश समजणाऱ्या चिपची, सोय आहे, डीकोडर नाही. त्याचे पैसे वेगळे.

आणि डबे? ८५ फुटी डबा एचओमध्ये जवळपास फूटभर भरतो. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर इंजिन निघून जाईल, डबे मात्र बहुधा घसरतील. जागा कमी असेल तर आखूड डबेच घ्या.