मेल येईना? आधी डिगला विचारा

फेब्रुवारीतला सोमवार, सकाळचे साडेनऊ. पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदारांचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. "ताई, शनिवार दुपारपासून युरोपातून एक मेल नाही. कंटेनर भरायला उभा आहे, आणि तिकडचा माणूस म्हणतो, कागद कधीच पाठवले."

वेबसाइट छान उघडत होती. शुक्रवारी संध्याकाळीच तिचं नवं रूप सुरू झालं होतं, दुसऱ्या एका मंडळींनी केलेलं. मी नाशिकमध्ये छोट्या व्यवसायांच्या साइट आणि मेल सांभाळते. अशा वेळी कुणालाही फोन लावण्याआधी मी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडते आणि डिग चालवते. डिग म्हणजे डीएनएसला, म्हणजे डोमेनच्या नावामागचे पत्ते सांभाळणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेला, प्रश्न विचारायचं साधन. त्या दिवशी जे केलं तेच इथे क्रमाने सांगते.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहा, चिन्हं आहेत तशीच ठेवा. नानांच्या डोमेनच्या जागी एक्झाम्पल.कॉम घेतलंय. ते नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे.

मॅकवर डिग आधीपासून असतो. उबुंटूवर तो नसेल तर:

सुडो एपीटी इन्स्टॉल डीएनएसयुटिल्स

विंडोजवर असंच काम करणारा एनएसलुकअप तयार मिळतो. साध्या चौकशीला तो पुरतो, पण डिग उत्तरासोबत बरंच काही दाखवतो आणि खरा उपयोग त्याचाच होतो.

पहिला प्रश्न:

डिग एक्झाम्पल.कॉम

स्क्रीनवर बऱ्याच ओळी येतात. त्यातल्या 'आन्सर सेक्शन'खालची ओळ बघा. तिथे नाव, मग एक आकडा, मग 'आयएन', मग 'ए' (साइटच्या पत्त्याचा रेकॉर्ड) आणि शेवटी पत्ता असतो. मधला आकडा म्हणजे टीटीएल, म्हणजे हे उत्तर अजून किती सेकंद जपून ठेवायचं ते. तीच आज्ञा दहा सेकंदांनी परत दिलीत तर तो आकडा बहुधा दहाने कमी झालेला दिसेल. याचा अर्थ, उत्तर मूळ ठिकाणाहून आलेलं नाही, वाटेतल्या सर्व्हरच्या साठवणीतून आलंय. नुसता पत्ता हवा असेल तर नावापुढे +शॉर्ट जोडा.

नानांच्या साइटचा पत्ता नव्या सर्व्हरचा आला. ठीक. आता मेल:

डिग एमएक्स एक्झाम्पल.कॉम

एमएक्स रेकॉर्ड म्हणजे या डोमेनची टपाल कुठे द्यायची त्याचा पत्ता. उत्तरात वर 'स्टेटस: नोएरर' होतं आणि खाली 'आन्सर: ०'. हा फरक नीट लक्षात ठेवा. 'एनएक्सडोमेन' आलं तर ते नावच अस्तित्वात नाही. 'सर्व्हफेल' आलं तर उत्तर काढताना सर्व्हर अडखळला. आणि नोएरर असून उत्तरं शून्य, म्हणजे नाव आहे, पण तुम्ही मागितलेल्या प्रकारचा रेकॉर्ड नाही. नानांच्या डोमेनला एमएक्सच उरला नव्हता.

तरी एकाच सर्व्हरच्या उत्तरावर मी विसंबत नाही. नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे मूळ रेकॉर्ड ठेवणारे सर्व्हर, कोणते ते आधी विचारते:

डिग एनएस एक्झाम्पल.कॉम +शॉर्ट

जी नावं येतील त्यांतल्या एकाला @ लावून थेट विचारते:

डिग @पहिला-नेमसर्व्हर एमएक्स एक्झाम्पल.कॉम

'फ्लॅग्ज'च्या ओळीत 'एए' दिसलं की उत्तर अधिकृत सर्व्हरचं आहे, साठवणीतलं नाही. तिथेही शून्यच. कारण कळलं: साइट बदलताना नेमसर्व्हरही बदलले, आणि नव्या ठिकाणी फक्त साइटचा ए रेकॉर्ड भरला गेला.

मग मेल शुक्रवारीच का थांबले नाहीत? हे बघायला:

डिग +ट्रेस एक्झाम्पल.कॉम

यात डिग मुळापासून चालत येतो. आधी रूट सर्व्हर (ए ते एम अशी त्यांची तेरा नावं), मग डॉट कॉमचे, मग तुमच्या डोमेनचे. डॉट कॉमचे सर्व्हर तुमचे नेमसर्व्हर सांगतात त्या ओळीत टीटीएल १७२८०० असतो, म्हणजे पूर्ण दोन दिवस. जगातल्या एखाद्या सर्व्हरने शुक्रवारी दुपारी जुनी नावं साठवली असतील तर तो रविवारपर्यंत जुन्या दारात जाऊ शकतो. म्हणून काही मेल शनिवारी सकाळीही येत होते.

एमएक्स नसला तर पाठवणारा सर्व्हर साइटच्याच पत्त्यावर मेल द्यायला जातो. तिथे मेल घेणारं कुणी नव्हतं. पण अशा वेळी पाठवणारा लगेच हार मानत नाही, बहुतेक सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. नानांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज थोडा खाली आला.

आता जुने रेकॉर्ड आणायचे कुठून? ते कुणीच लिहून ठेवले नव्हते. पण जुन्या होस्टिंगने सुरुवातीला पाठवलेल्या मेलमध्ये जुन्या नेमसर्व्हरची नावं होती, आणि तिथलं खातं अजून बंद झालेलं नव्हतं. जग विचारत नसलं तरी आपण विचारू शकतो:

डिग @जुना-नेमसर्व्हर एमएक्स एक्झाम्पल.कॉम +शॉर्ट
डिग @जुना-नेमसर्व्हर टीएक्सटी एक्झाम्पल.कॉम +शॉर्ट
डिग @जुना-नेमसर्व्हर टीएक्सटी _डीमार्क.एक्झाम्पल.कॉम +शॉर्ट

टीएक्सटी म्हणजे मजकुराचा रेकॉर्ड, आणि डीमार्क म्हणजे तुमच्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणारा नियम. तिन्हींची उत्तरं जशीच्या तशी मिळाली. एमएक्सच्या उत्तरात सर्व्हरच्या नावाआधीचा १० हा आकडा प्राधान्याचा असतो. जितका लहान तितका आधी. टीएक्सटीमधली 'व्ही=एसपीएफ१' ने सुरू होणारी ओळ (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्याची यादी) विसरू नका, नाहीतर मेल यायला लागतील आणि तुम्ही पाठवलेले समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतील. सगळं नव्या ठिकाणी भरलं आणि लगेच नव्या नेमसर्व्हरला @ लावून तपासलं. या टप्प्यावर @ सोडून साधं विचारायचं टाळा. 'नाही' हे उत्तरही साठवलं जातं, आणि त्याची मुदत डोमेनच्या एसओए (डोमेनची मूळ माहिती देणाऱ्या) रेकॉर्डवरून ठरते. पुढे बाहेरून कसं दिसतं ते बघायला @८.८.८.८, @१.१.१.१ आणि @९.९.९.९ असे तीन वेगवेगळे सार्वजनिक सर्व्हर विचारते.

दुपारी अडीचच्या सुमारास अडलेले मेल एकामागून एक उतरले. कागद पहिल्या पाचांत होते.

तेव्हापासून कुठलीही साइट हलवण्याआधी मी रेकॉर्ड फाइलमध्ये ठेवते:

डिग एमएक्स एक्झाम्पल.कॉम +नोऑल +आन्सर >> जुने.टीएक्सटी

हीच आज्ञा ए, एएएए (नव्या, लांब आयपी पत्त्याचा रेकॉर्ड), टीएक्सटी यांना, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू जोडलेल्या नावाला आणि डीकेआयएमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) सिलेक्टरलाही, म्हणजे त्या सहीची किल्ली ज्या नावाखाली असते त्यालाही. रेकॉर्डच्या प्रकाराच्या जागी 'एनी' लिहून एका दमात सगळं मिळेल या भरवशावर राहू नका. बरेच सर्व्हर त्याला मुद्दाम तुटपुंजं उत्तर देतात आणि २०१९ पासून नियमातही त्याला मुभा आहे. शिवाय दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणा.

देवनागरी नावंही अशीच तपासता येतात. डॉट भारत २०१४ मध्ये सुरू झालं, आणि यंत्रणेच्या आत ते 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं लिहिलं जातं. तुमच्या डिगला मराठी अक्षरं कळली नाहीत तर शेवटचा भाग या रूपात द्या. बिंदूच्या अलीकडच्या मराठी नावालाही असंच वेगळं रूप असतं, तेही लागेल.

डोमेनच संपलंय का, हे मात्र डिग सांगत नाही. त्यासाठी नोंदणीची माहिती देणारी ही आज्ञा:

हूइज एक्झाम्पल.कॉम

मालकाचं नाव आता बहुधा झाकलेलं असतं. बघायचं ते 'रजिस्ट्री एक्सपायरी डेट' आणि 'डोमेन स्टेटस'. स्टेटसमध्ये 'क्लायंटहोल्ड' असेल तर रजिस्ट्रारने (ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिने) नाव थांबवून ठेवलंय. 'रिडेम्प्शन पिरियड' असेल तर नाव सोडवून घ्यायला ३० दिवसांची मुदत असते आणि पैसे जास्त लागतात. तिथून हललात नाही तर 'पेंडिंग डिलीट'चे पाच दिवस, मग नाव कुणालाही घेता येतं. नानांच्या डोमेनची तारीख त्याच दुपारी बघितली. ऐन हंगामातली होती. त्यांनी ती ऑफिसातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केली आणि मला फोनवरून पुन्हा एकदा वाचायला लावली.