अनुदानकपातीविरुद्धचे निवेदन कसे तयार करावे

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात निराधारांचा मोर्चा मॉरिस कॉलेज टी पॉइंटपाशी अडवला गेल्यावर चार-पाच जणांच्या शिष्टमंडळाला मंत्र्यांसमोर जेमतेम काही मिनिटे मिळतात. ‘धनिकांना करसवलत आणि गरिबांच्या पोटाला चिमटा’ हा राग तेवढ्या वेळात मांडायचा, तर हातात नेमका कागद हवा.

प्रथम कोणता निर्णय कोणत्या सरकारचा, हे वेगळे करावे. सप्टेंबर २०१९ मध्ये इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर २२ टक्के झाला आणि त्यापायी वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल बुडेल, असा अंदाज खुद्द केंद्र सरकारने दिला होता. २०२५ च्या अर्थसंकल्पातील प्राप्तिकर सवलतीची किंमतही सरकारनेच सुमारे १ लाख कोटी सांगितली. संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ या योजना मात्र राज्याच्या आहेत, त्यामुळे राज्याच्या मंत्र्यांपुढे केवळ प्राप्तिकराची तक्रार केल्यास ‘तो विषय दिल्लीचा’ असे उत्तर ठरलेलेच असते. यावर निवेदनात दोन वाक्ये घालावीत: केंद्राच्या विभाज्य (म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या) करांतील ४१ टक्के हिस्सा राज्यांना मिळत असल्याने ती झळ राज्याच्या तिजोरीलाही लागते, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा दीड दशकाहून अधिक काळ महिना २०० रुपयांवरच थांबलेला आहे.

यानंतरचे काम कष्टाचे आहे. कपात क्वचितच कपात म्हणून जाहीर होते. अनुदान तीन-चार महिने रखडते, हयातीचा दाखला वेळेत पोहोचला नाही किंवा आधार बँक खात्याशी जोडलेले नाही म्हणून नाव गळते, किंवा महागाई वाढत असताना रक्कम तिथेच राहते. म्हणून वस्तीतील प्रत्येक लाभार्थ्याचे पासबुक पाहून कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, याची एक वही करावी आणि बंद झालेल्या प्रकरणांत तहसील कार्यालयाने दिलेले कारण त्याच ओळीत लिहावे. उत्पन्नमर्यादेचा मुद्दाही सोडू नये: दिव्यांग नसलेल्या निराधारांसाठी ती वर्षानुवर्षे २१ हजार रुपयांवर राहिली, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, एवढ्यात भागवणाऱ्यालाच पात्र धरणे हीच, माझ्या मते, मोठी कपात आहे.

वहीला सरकारी आकड्यांची जोड द्यावी. तरतूद किती होती आणि खर्च किती झाला, हे राज्याच्या ‘बीम्स’ संकेतस्थळावर पाहता येते. आपल्या तालुक्यात किती नावे कोणत्या कारणाने वगळली, ही माहिती तहसील कार्यालयाकडे १० रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक शुल्क लावून माहितीच्या अधिकारात मागावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने अर्ज ऑक्टोबरातच द्यावा.

निवेदन दोन पानांहून मोठे नसावे आणि मागणी रकमेत असावी. नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाचे प्रस्ताव) मांडल्या जातात, म्हणून ‘थकीत अनुदानासाठी पुरवणी मागणीत तरतूद करावी’ ही मागणी नुसत्या ‘न्याय द्या’पेक्षा अधिक उपयोगाची ठरते. तारांकित प्रश्नाची (सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची) सूचना बरीच आधी द्यावी लागते, तेव्हा आमदारांना प्रत दिवाळी आटोपताच पोहोचवावी. सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयात दुसरी प्रत देताना आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घ्यावी, कारण पुढच्या डिसेंबरात पहिला प्रश्न तिच्याविषयीच विचारला जातो.