घरातलं मानसिक आजारी माणूस दवाखान्यात यायला तयारच नसेल तर काय करायचं

रात्री अडीचला माझा चुलतभाऊ कोयता घेऊन दाराआड बसला होता, शेजारचे मारायला येणारेत म्हणून, आणि आम्ही घरातले सहा जण नुसते एकमेकांची तोंडं बघतोय.

तर आधी 108 लावा, हातात हत्यार असेल तर 112 पण. पोलिसांनी त्याला लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. कोर्टाची ऑर्डर आणा म्हणणारे भेटतील, ते 1987 च्या जुन्या कायद्यातलं डोक्यात ठेवून बोलत असतात. आता 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे आणि त्याच्या कलम 94 प्रमाणे जिवाला किंवा दुसऱ्याला गंभीर धोका असेल तर कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर लगेच उपचार सुरू करू शकतो, सायकॅट्रिस्टच पाहिजे असं नाही. पण आपल्याकडे जास्तीत जास्त 72 तास, आणि यात शॉक देता येत नाही.

आम्ही इथेच फसलो. 72 तास म्हणजे ॲडमिशन झाली असं समजून निवांत बसलो आणि तिसऱ्या दिवशी पळापळ. ॲडमिशन वेगळी, कलम 89 ची. नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे पेशंटने आपल्या वतीने ठरवायला नेमलेल्या माणसाने, अर्ज करायचा, पेशंटने आधी कोणाचं नाव दिलं नसेल तर नातेवाईक चालतो, आमच्याकडे काकूंनी केला. मग दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासायचं, त्यातला एक सायकॅट्रिस्ट हवाच. दोघांना पटलं तरच, आणि तेही 30 दिवसांपर्यंत. नुसती घरच्यांची सही पुरत नाही, आणि पुरू पण नये, प्रॉपर्टीच्या भांडणात सख्ख्या भावाला वेडा ठरवणारे कमी नाहीत. हॉस्पिटलने रिव्ह्यू बोर्डाला (अशा ॲडमिशन तपासणारं, याच कायद्याखालचं मंडळ) 7 दिवसांत कळवायचं, बाई असेल तर 3. पेशंट स्वतः बोर्डाकडे दाद मागू शकतो, वकील फुकट मिळतो.

जाताना जुनी प्रिस्क्रिप्शनं, चालू गोळ्या आणि कधीपासून झोपला नाही, काय काय केलं ते तारखेनिशी लिहून न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

व्हॉट्सॲपवर एका केंद्राचा नंबर आला होता, चार पोरं गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात म्हणे. रजिस्ट्रेशन आहे का विचारलं तर फोन कट.

भाऊ बरा झाल्यावर प्रतिनिधीचं नाव लिहून घेतलं, साधा कागद आणि सही पुरते. त्याने काकूंचं नाही, माझ्या बायकोचं नाव लिहिलं. तिने पण तयार आहे असं लिहून दिलं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.